नेक्सॉन की विंडसर? एक घरगुती प्रॅक्टिकल

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाइकांच्या लेखी आपण ताबडतोब तज्ज्ञ होतो. मिक्सर आवाज करतोय, स्कूटी सुरू होत नाही, गिझरचं पाणी गार येतंय, "तिला विचारा, ती मेकॅनिकलला आहे!" सेकंड इयरपर्यंत मी हे सगळे प्रश्न 'एकदा बंद करून परत चालू करा' या एकाच उत्तरावर निभावून नेले. पण २०२५ च्या जानेवारीत ताईने जो प्रश्न टाकला, त्यावर हे उत्तर चालणार नव्हतं. त्यात चौदा-पंधरा लाख रुपये होते आणि माझा तीन वर्षांचा भाचा होता. म्हणून वहीची मागची पानं उघडली. त्या पानांवर जे झालं ते इथे लिहिते आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरून हाच प्रश्न येतो, आणि आपले बरेचसे सर आणि मॅडमही सध्या याच विचारात आहेत (नावं घेत नाही).

तर प्रश्न असा. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे ताई-दाजींचं ठरलेलं होतं. टाटाची नेक्सॉन ईव्ही, ४५ किलोवॅट-अवर बॅटरीची, घ्यायची का एमजीची विंडसर ईव्ही, ३८ किलोवॅट-अवरची? दोन्ही गाड्या या रूपात सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आल्या. तेव्हा विंडसर १३ लाख ५० हजारांपासून होती, ४५ वाली नेक्सॉन १३ लाख ९९ हजारांपासून, म्हणजे किमतीत फार फरक नव्हता. दोघींना सहा एअरबॅग. दोघींची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट.

आता घर. ताई-दाजी पुण्यात भाड्याच्या नाही, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात (हे महत्त्वाचं आहे, पुढे कळेल). दोघांची नोकरी, मुलाचं पाळणाघर, भाजी, दवाखाना मिळून रोजचं फिरणं ४० किलोमीटरच्या आत. आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर. दाजींच्या आई तिथे असतात, त्यांच्या गुडघ्यांची ट्रीटमेंट पुण्यात चालू आहे, त्यांना आणायचं आणि सोडायचं. पुणे-कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. एसटीच्या पायऱ्या आता त्यांना चढवत नाहीत. गाडी घ्यायचं खरं कारण तेच होतं.

पहिली मारामारी रेंजवरून. ब्रोशरमध्ये नेक्सॉन ४८९ किलोमीटर आणि विंडसर ३३२. दाजी म्हणाले, मग प्रश्नच मिटला. पण हे आकडे एमआयडीसी सायकलचे असतात. एमआयडीसी म्हणजे इथे भोसरीची नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. गाडी रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या वेगाने ठराविक सेकंद चालवतात. त्या सायकलमध्ये सावकाश शहरी चालणं भरपूर असतं, वेग ताशी ९० च्या वर जातच नाही, आणि तोही थोडाच वेळ. एसी बंद. ही फसवणूक नाही, सगळ्यांना एकच पेपर दिलाय इतकंच. पण पेपर सोपा आहे. टाटाने स्वतःच ४५ वाल्या नेक्सॉनचा दुसरा एक आकडा दिला होता, ३५० ते ३७० किलोमीटर, म्हणजे त्यांच्या ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा. ४८९ आणि ३५० यांच्यात मुंबई राहिली की मध्ये!

मग मी म्हटलं, ब्रोशर बाजूला ठेवू, आपणच काढू. हे फर्स्ट इयरच्या फिजिक्सचं गणित आहे, कोणीही करू शकतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे पुढचे शब्द इंग्रजीच येतील, मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी मागे ओढतात. एक टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, दुसरा हवेचा ड्रॅग. गाडी, माणसं, बॅगा मिळून वजन १८०० किलो धरलं. रोलिंग रेझिस्टन्स वजनाच्या साधारण १.१ टक्का येतो, म्हणजे १९४ न्यूटन. वेग वाढला तरी तो जवळपास तेवढाच राहतो. ड्रॅगचं तसं नाही, तो वेगाच्या वर्गात वाढतो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ड्रॅग कोएफिशंट ०.३५, समोरून दिसणारं क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर, हवेची घनता १.१५ धरली तर ड्रॅग ३०२ न्यूटन. दोन्ही मिळून ४९६. हजार मीटर ढकलायला ४ लाख ९६ हजार ज्यूल लागले. आपल्या विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि तेच एक किलोवॅट-अवर. म्हणजे किलोमीटरला ०.१३८ युनिट. बॅटरीपासून चाकापर्यंत येताना १२ टक्के वाया गेले असं धरलं तर ०.१५७. एसी एक किलोवॅट खातो असं धरून तो मिळवला की ०.१६८.

इतकंच! आता बॅटरीला या आकड्याने भागायचं. पण शेवटचे १० टक्के कोणी वापरत नाही, तेवढे राखून ठेवायचे. मग ४५ मधले ४०.५ युनिट हाती राहतात आणि ३८ मधले ३४.२. ताशी ९० ने नेक्सॉन २४१ किलोमीटर जाते आणि विंडसर २०३. हेच गणित ताशी १०० ने केलं की २१४ आणि १८१. आणि ताशी ८० ने? २७२ आणि २२९!

हे आकडे मी फोनवर वाचून दाखवले तेव्हा दाजी जरा वेळ गप्प बसले. कारण वीस किलोमीटरचा वेग दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा जास्त खातो. ताशी १०० ने दामटलेली नेक्सॉन ताशी ८० ने चाललेल्या विंडसरच्या मागे पडते. 'कुठली गाडी' याच्या आधी 'चालवणार कोण' हा प्रश्न येतो, आणि दाजी कसे चालवतात ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

एक सांगायला हवं. वजन, ड्रॅग वगैरे मी दोन्ही गाड्यांना सारखंच धरलंय. विंडसर अंगाने मोठी आहे, त्यामुळे या गणितात तिला किंचित झुकतं माप मिळालंय. आणि घाट? ताईचा पहिला प्रश्न तोच होता, "खंबाटकीत बॅटरी संपेल ना गं?" घाटाचं गणित तर त्याहून सोपं, वजन गुणिले जी गुणिले उंची. मुंबईहून येताना खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी साधारण ५५० मीटर वर चढते. १८०० किलोसाठी ते होतात २.७ युनिट, वाया जाणारे धरून तीनच्या थोडे वर. म्हणजे अख्खा बोरघाट नेक्सॉनच्या बॅटरीचे सात टक्के. खंबाटकी तर त्यापेक्षा लहान, आणि उतरताना रिजनरेशनमधून त्यातलं बरंचसं परत मिळतं, मोटर तेव्हा जनरेटर होते. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जवळजवळ सारख्याच उंचीवर आहेत, त्यामुळे दिवसाच्या शेवटी घाटाचा हिशोब थोडक्यात मिटतो. भीती घाटाची वाटते आणि बॅटरी खातो तो साताऱ्यापुढचा सरळ रस्ता.

शहरातलं सांगायला फार नाही. किलोमीटरला ०.१३ युनिट धरलं तरी ४० किलोमीटरला पाच-सव्वापाच युनिट. दोन्ही गाड्या एका चार्जमध्ये पाच-सहा दिवस सहज काढतात. रोजच्यासाठी रेंज हा मुद्दाच नाही.

म्हणजे रेंजचा सगळा वाद महिन्यातल्या त्या एका दिवसापुरता उरला. नेक्सॉन ताशी ९० ने कोल्हापूरला न थांबता पोचते, जेमतेम. विंडसरला सातारा किंवा कऱ्हाडला थांबून फास्ट चार्जिंग करावं लागतं, वीस-पंचवीस मिनिटांचं. पण ज्या गाडीत तीन वर्षांचं पोर आहे आणि गुडघे धरलेली आजी आहे, ती गाडी २३० किलोमीटर न थांबता जाईलच कशी? दोन वेळा सू, एकदा चहा, एकदा आजींना पाय मोकळे करायला. तेवढ्यात चार्जिंग होतंच. चार्जरवर आधी कोणी उभा असेल तर मात्र ती वीस मिनिटं चाळीस होतात, आणि दिवाळीत तर विचारूच नका. तेव्हा नेक्सॉनला इथे मार्क जास्त, पण तिला डिस्टिंक्शन आणि विंडसर फेल, असं काही नाही.

आता चार्जिंग. माझ्या मते अर्धी गाडी म्हणजे घरचं सॉकेट. ते नसेल तर इलेक्ट्रिक गाडी घेऊच नये, कुठल्याच कंपनीची. पब्लिक चार्जरवर युनिटला घरच्यापेक्षा दुप्पट पैसे गेले की पेट्रोल सोडल्याचा फायदा बराच कमी होतो. ताईच्या सोसायटीत ही पहिलीच इलेक्ट्रिक गाडी. कमिटीने आधी विचारलं, "आग लागली तर?"

प्रश्न चुकीचा नव्हता. एलएफपी बॅटरीचा एक गुण असा की ती जास्त तापमानापर्यंत शांत राहते. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, निकेल-कोबाल्टवाल्या बॅटरीसारखा तो सहज सुटत नाही. पण मी ताईला म्हटलं, कमिटीला बॅटरीचं लेक्चर देऊ नकोस, सॉकेटचं दे. १५ अँपिअरचं सॉकेट म्हणजे गिझरचं. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर खेचते. प्लगची पिन सैल बसली आणि तिथे नुसता ०.१ ओहमचा रेझिस्टन्स आला, तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, २२.५ वॅट. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! म्हणजे प्लगच्या पोटात रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू. प्लास्टिक काळं पडतं ते त्यामुळे. म्हणून चांगल्या कंपनीचं जाड सॉकेट, वेगळी वायर, वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासलेलं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही.

ताईने मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत स्वतःच्या खर्चाने वेगळी लाइन ओढून घेतली, तिच्याच मीटरवरून. वायरमनने आधी ४० फूट वायर धरली होती, मोजल्यावर ११० फूट निघाली, असं असतंच. ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर ३१ अँपिअर लागतात, म्हणजे मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो. तिने ते केलं नाही. रोजचे पाच युनिट भरायला साधं सॉकेट दोन तासांत पुरतं, मग मोठा चार्जर कशाला? स्वतःचा फ्लॅट असल्याने हे सगळं झालं. भाड्याच्या घरात मालक पार्किंगमध्ये खिळा ठोकू देत नाही, वायर तर लांबच.

कोल्हापूरचं घर जुनं आहे. तिथे पूर्ण रिकामी बॅटरी ३.३ किलोवॅटने भरायची तर विंडसरला तेरा-चौदा तास, नेक्सॉनला पंधरा-सोळा. शनिवारी दुपारी पोचून रविवारी सकाळी निघणाऱ्याला दोन्ही चालतात. पण तिथलं अर्थिंग तपासलं तेव्हा वायर भिंतीत जाऊन कुठेच पोचत नव्हती. ते काम गाडी घ्यायच्या आधी करून घेतलं. गाडी घेतली नसती तरी करायलाच हवं होतं, त्या घरात वॉशिंग मशीन आहे.

पैशाचं थोडक्यात. महिन्याला १५०० किलोमीटर, चार्जिंगमधला तोटा धरून २५० युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर अडीच हजार. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं धरलं तर साडेदहा हजार. ज्यांचं फिरणं महिन्याला ४०० किलोमीटर आहे त्यांनी हा फरक बघून उड्या मारू नयेत, त्यांचा फायदा दोन हजारांच्या आसपास थांबतो.

विंडसरचं एक वेगळं होतं. बॅटरी विकत न घेता भाड्याने घ्यायची सोय. सुरुवातीला ही योजना ९ लाख ९९ हजार रुपये गाडीचे आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीचे, अशी होती. दाजींना हे फार आवडलं. दहा लाखांच्या आत एवढी मोठी गाडी! मी पुन्हा वही काढली. १५०० किलोमीटरला ५,२५० रुपये भाडं. उलट वरचे साडेतीन लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाने घेतले तर हप्ता ७,३०० च्या आसपास. म्हणजे पहिली पाच वर्षं भाडंच हलकं. पण हप्ता संपतो, आणि पाच वर्षांनंतर बॅटरी आपली असते. भाड्याचा करार किती वर्षांचा, महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात, गाडी विकताना काय, शेवटी बॅटरी कोणाची, हे चार प्रश्न लेखी विचारल्याशिवाय सही करायची नाही असं मी म्हटलं. ज्याचं बजेटच दहा लाखांपाशी संपतं आणि ज्याचं फिरणं आटोपशीर आहे त्याला ही सोय खरंच उपयोगी आहे. ताईचं म्हणणं वेगळंच होतं. "माहेरी यायला निघाले की किलोमीटरला साडेतीन रुपये मोजत बसू का मी?" हा मुद्दा माझ्या वहीत बसत नाही, पण बरोबर आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. हे सगळं चालू असताना दाजींच्या आई फोनवर म्हणाल्या, "त्या पोराच्या खुर्चीला कशाला पैसे घालताय? मांडीवर धरते की मी. कुठं पडतंय पोरगं?"

त्यांचं प्रेम खरं आहे आणि त्यांचे हातही खंबीर आहेत. पण गणित करून बघा. क्रॅश टेस्टमध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटरने धडकवतात, म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर. गाडीचा पुढचा भाग चेपून थांबायला ०.६ मीटर मिळाले असं धरू. वेगाचा वर्ग भागिले दोनपट अंतर, डिसिलरेशन येतं २६३, म्हणजे जी च्या २७ पट. आमचं पिल्लू १४ किलोचं. १४ गुणिले २६३, ३,७०० न्यूटन. म्हणजे त्या क्षणी त्याला धरून ठेवायला पावणेचारशे किलो उचलण्याइतकी ताकद लागते. पावणेचारशे किलो! आजी सोडा, आपल्या जिममधल्या कोणालाही ते जमणार नाही. आणि हे सगळं सेकंदाच्या पंधराव्या भागात संपतं. हात आवळायचं सुचेपर्यंत पोर पुढच्या सीटवर आदळलेलं असतं.

मी हे आजींना फोनवरच सांगितलं, आकडे न गाळता. त्या एवढंच म्हणाल्या, "पावणेचारशे म्हणजे चार पोती की गं." खुर्चीचा विषय तिथे संपला. आणि कायद्यानेही, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीट न लावता बसवलं तर हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे हा दंड कोणी भरलेला मी पाहिला नाही, ती गोष्ट वेगळी.

इथे दोन गाड्यांमधला फरक मला खरा वाटला. नेक्सॉन ईव्हीला जून २०२४ मध्ये भारत एनसीएपीच्या चाचणीत पाच स्टार मिळाले, मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.८६ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४४.९५. मुलांच्या ४९ मध्ये प्रत्यक्ष धडकेचे २४, चाइल्ड सीट नीट बसते का याचे १२ आणि गाडीत मुलांसाठी काय काय सोयी आहेत याचे १३ मार्क असतात. धडकेच्या २४ पैकी नेक्सॉनला २३.९५ मिळाले होते. विंडसरची तोपर्यंत ही चाचणी झालेलीच नव्हती. लक्षात घ्या, चाचणी न झालेली गाडी म्हणजे वाईट गाडी नव्हे. ज्याने परीक्षा दिली नाही तो नापास नसतो. पण ज्याने दिली आणि पहिला आला, त्याच्याबद्दल आपल्याला काहीतरी माहीत असतं. इंजिनिअर म्हणून मी माहीत असलेल्या आकड्याच्या बाजूने उभी राहणार.

पण थांबा. ताईला विंडसर का आवडली होती हेही ऐका. तिचा व्हीलबेस २७०० मिलिमीटर, नेक्सॉनचा २४९८. मागे पाय अक्षरशः पसरून बसता येतं, पाठ १३५ अंशांपर्यंत मागे जाते. डिकी ६०४ लिटर विरुद्ध ३५०. बाबागाडी, आजींचा वॉकर आणि कोल्हापूरहून येणारी तांदळाची पिशवी एकाच वेळी मावायची तर विंडसरच. चाइल्ड सीट लावली की मागची एक जागा गेली, उरलेल्या दोन जागांत आजी आणि ताई. नेक्सॉनमध्ये हे तिघं जरा दाटीवाटीने बसणार. आणि ज्यांच्या गुडघ्यांसाठी गाडी घ्यायची त्यांचेच गुडघे पुढच्या सीटला लागणार असतील तर पाच स्टारचं काय करायचं?

यावर माझ्या वहीत उत्तर नव्हतं. ते ताईने काढलं. आजी फेब्रुवारीत पुण्याला आल्या तेव्हा (भाड्याच्या गाडीने) तिने त्यांना, पिल्लूला, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली चाइल्ड सीट, बाबागाडी आणि वॉकर असं सगळं घेऊन दोन्ही शोरूम गाठल्या. सेल्समनला टेस्ट ड्राइव्ह द्यायची होती, ताई म्हणाली ड्राइव्ह नंतर, आधी आम्हाला नुसतं बसू द्या. अर्धा तास! चाइल्ड सीट लावली, काढली, पुन्हा लावली. आजींना मागे बसवलं, उठवलं. मग कोणालाच न सुचलेली गोष्ट आजींनीच केली. त्या पुढचं दार उघडून पुढे बसल्या.

पुढची सीट मागे सरकवता येते. सीट कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे खाली वाकावं लागत नाही, की वर चढावं लागत नाही, नुसतं टेकायचं आणि पाय आत फिरवायचे. बसलेल्या गुडघ्यांना हे फार सोपं पडतं. आणि आजी पुढे बसल्या की मागे पिल्लू आणि ताई दोघंच, नेक्सॉनची मागची सीट एकदम ऐसपैस. डिकीत बाबागाडी आणि वॉकर आडवे बसले. तांदळाची पिशवी ताईच्या पायाशी.

त्यांनी नेक्सॉन घेतली. चाइल्ड सीट त्याच आठवड्यात आली.

मार्चमधली पहिली कोल्हापूरची खेप मी व्हॉट्सॲपवरून फॉलो केली. पूर्ण चार्ज करून निघाले, दाजींनी गाडी ८५ च्या वर नेली नाही (ताई शेजारी होती), पोचले तेव्हा १४ टक्के उरले होते. माझ्या गणिताने त्या वेगाला १९ उरायला हवे होते. बाकीचे पाच टक्के पुण्यातलं ट्रॅफिक, खंबाटकी आणि साताऱ्याला चहाच्या वेळी चालू ठेवलेला एसी, यांनी खाल्ले. सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलमध्ये एवढा एरर आला तर सर सही करतात.

त्यानंतर बाजार थांबलेला नाही. मे २०२५ मध्ये विंडसर प्रो आली, ५२.९ किलोवॅट-अवरची, ब्रोशरला ४४९ किलोमीटर. माझ्या सूत्रात घातली तर ताशी ९० ने १० टक्के राखून २८३ किलोमीटर, म्हणजे रेंजचा मुद्दा तिच्या बाजूने जातो, अर्थात किंमतही वर जाते. जुलै २०२५ मध्ये टाटाने ४५ वाल्या नेक्सॉनच्या पहिल्या मालकाला बॅटरीची १५ वर्षांची वॉरंटी दिली. विंडसरच्या पहिल्या मालकाला बॅटरीवर आजीवन वॉरंटी सुरुवातीपासून होतीच. ताईच्याच सोसायटीत नंतर एकांनी विंडसर घेतली. त्यांच्या घरात तीन आजी-आजोबा आहेत, सगळे पुढे कसे बसणार? त्यांचं बरोबर आहे. वायर मात्र त्यांनाही ११० फुटांच्या आसपासच लागली.

हॉस्टेलवर ज्यांना घरून हाच फोन येईल त्यांनी ०.१६८ हा आकडा लिहून ठेवावा, आणि २३० च्या जागी आपापलं गाव घालावं. सोलापूरवाल्यांनी २५० घाला, नेक्सॉनला ताशी ८० धरा. नागपूरवाल्यांनी मात्र माझ्याकडे येऊ नये. सातशेच्या पुढचं गणित मेसच्या एका चहात होत नाही, त्यासाठी निदान भजी लागतील.